नोकरी गेली, मेडिक्लेमचे काय?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या मनुष्यबळातील सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा चर्चा झाली ती पगाराची, गृहकर्जाच्या हप्त्यांची आणि संगणकाने माणसाची जागा घेण्याची. त्याआधी १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, तेव्हाही थकलेल्या पगारावरच सर्वांचे बोलणे थांबले. नोकरीबरोबर घरातल्या चार-पाच माणसांचा वैद्यकीय विमाही जातो, ही गोष्ट दोन्ही वेळी मागच्या बाकावर राहिली. पगार थांबल्याचे पहिल्याच महिन्यात कळते. विमा थांबल्याचे मात्र रुग्णालयाच्या खिडकीशी कार्ड पुढे केल्यावरच कळते.

आपल्या वसई-विरार परिसरातून रोज पहाटे लोकल पकडून मुंबईस जाणाऱ्या हजारो माणसांना आज हा प्रश्न लागू आहे. आपल्या वाडवडिलांची पिढी शेती-बागायतीवर किंवा सरकारी, बँकेच्या नोकरीवर जगली. आजची पिढी खाजगी कंपन्यांत आहे आणि त्या कंपन्यांच्या गटविम्यावर विसंबून आहे. "ऑफिसचा मेडिक्लेम आहे ना" हे वाक्य आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे की, स्वतःची पॉलिसी असलेले घर भेटले म्हणजे आश्चर्य वाटावे. या विश्वासात गैर काही नाही. गटविमा खरोखरच चांगला असतो. त्यात बहुधा वैद्यकीय तपासणी होत नाही, जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते आणि वृद्ध आईवडीलही त्यात घेता येतात. त्याची एकच उणीव आहे, ती म्हणजे तो आपला नसतो, कंपनीचा असतो. कंपनीने यादीतून नाव काढले की, त्या दिवसापासून पत्नी, मुले आणि आईवडील यांची नावेही आपोआप गळतात.

आमच्या परिचयातील काही कुटुंबांचे अनुभव एकत्र करून एक चित्र वाचकांपुढे ठेवतो. गृहस्थ एक्कावन्न वर्षांचे, अंधेरीच्या एका कंपनीत चौदा वर्षे नोकरी, सहा वर्षांपासून मधुमेह. पत्नी सत्तेचाळीस वर्षांची. तिच्या गर्भाशयात गाठी असून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेला, पण "मुलीची परीक्षा होऊ दे" म्हणून ती पुढे ढकललेली. मुलगी महाविद्यालयात. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. कंपनीचा गटविमा ५ लाखांचा, सर्वांना धरून. कंपनीने दोन महिन्यांची सूचना दिली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस कार्यमुक्तीचे पत्र हातात ठेवले.

या कुटुंबाने कोणत्या क्रमाने विचार करावयास हवा होता, हे पाहू.

सूचनेचे दोन महिने

पहिली गोष्ट ही की, सूचनेच्या काळात विमा चालू असतो. पत्नीची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी आधीच सांगितलेली होती. ती या दोन महिन्यांत करून घेतली असती, तर खर्च गटविम्यातून भागला असता. नोकरी गेल्याच्या धक्क्यात घरातल्या कोणालाही हे सुचले नाही, आणि तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु नव्याने घेतलेल्या पॉलिसीत गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघ्याचे सांधे बदलणे अशा ठरावीक उपचारांना बहुधा दोन वर्षे वाट पाहावी लागते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये नवी पॉलिसी घेऊन डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया केली, तर सगळा खर्च घरातून करावा लागणार. हक्काचे संरक्षण हाती असताना आवश्यक उपचार उरकून घेणे म्हणजे कंपनीचा फायदा उपटणे होय, असे काही प्रामाणिक मंडळींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. कार्यालयातील प्रवेशपत्र परत देण्यापूर्वी गटविम्याची प्रत, आपल्या नावाचे सदस्यत्वाचे प्रमाणपत्र किंवा कार्ड, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत संरक्षण होते याचे पत्र आणि आजवर केलेल्या दाव्यांचा तपशील मागून घ्यावा. कंपनी सोडल्यावर हेच कागद मिळवण्यास महिने लागतात, कारण तोवर आपला ई-मेल बंद झालेला असतो आणि ओळखीचा माणूसही कधी कधी त्याच यादीत निघून गेलेला असतो. विमा नेमका कोणत्या दिवशी संपतो, हेही लेखी विचारावे. काही ठिकाणी तो शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, काही ठिकाणी महिनाअखेरीस. कोठे कोठे निरोपाच्या रकमेबरोबर पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत तो चालू ठेवला जातो. पण न मागता तसे घडले, हे आमच्या तरी ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे. गटविम्यातून बाहेर पडणाऱ्या माणसास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे इर्डाईच्या नियमांत आहे. यास स्थलांतर म्हणतात. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेण्याची 'पोर्टेबिलिटी' १ ऑक्टोबर २०११ पासून आपल्या देशात आहे. स्थलांतर हे तिचेच भावंड. याचा लाभ असा की, गटविम्यात जितकी वर्षे सलग काढली तितकी वर्षे नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षा काळातून वजा होतात. आपल्या गृहस्थांना चौदा वर्षांचे सलग संरक्षण होते. त्यांनी वेळीच अर्ज केला असता आणि तो स्वीकारला गेला असता, तर त्यांच्या मधुमेहासाठी किंवा पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू झाली नसती.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. हे श्रेय जुन्या विमा रकमेपुरतेच मिळते. गटविमा ५ लाखांचा असेल आणि नवी पॉलिसी १० लाखांची घेतली, तर वरच्या ५ लाखांना प्रतीक्षा काळ नव्याने लागतो. दुसरे असे की, स्थलांतराचा अर्ज करणे हा आपला अधिकार असला, तरी हप्ता नव्या वयाच्या आणि प्रकृतीच्या हिशेबाने ठरतो. विमा कंपनी तपासणी सांगू शकते, जादा हप्ता लावू शकते. म्हणून अर्ज नोकरीत असतानाच करावा. एकदा मध्ये खंड पडला की सलगतेचा मुद्दाच उरत नाही.

आपल्या गृहस्थांनी नेमके हेच केले नाही. "दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल, तिथला मेडिक्लेम लागेल" या भरवशावर त्यांनी पाच महिने घालवले.

सरकारी योजनांचा आधार

विमा म्हटला की खाजगी कंपनीची पॉलिसी, असे समीकरण मध्यमवर्गीयांच्या मनात पक्के झाले आहे. महाराष्ट्रापुरते तरी ते आता अपुरे आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू लागली. अनेक वर्षे ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती, त्यामुळे पांढरी शिधापत्रिका असलेल्या घरांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये निर्णय घेऊन ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली केली आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून संरक्षणाची मर्यादा दर कुटुंबास दर वर्षी दीड लाखावरून ५ लाखांवर नेली. जुलै २०२४ पासून ती या रूपात अमलात आली. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि अधिवास असे साधे कागद लागतात, हप्ता नाही.

मग खाजगी पॉलिसीची गरजच काय, असा प्रश्न वाचक विचारतील. तो रास्त आहे. या योजनेचा लाभ केवळ तिच्या यादीतील रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांनाच मिळतो. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार, अपघातातील मोठ्या शस्त्रक्रिया यांस ती मोठा आधार आहे. तापाने चार दिवस दाखल व्हावे लागले, तर मात्र ते प्रकरण यादीत बसेलच असे नाही. शिवाय घराजवळचे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय यादीत असेलच असेही नाही. म्हणून आजारी पडण्याआधी एक काम करून ठेवावे: आपल्या तालुक्यातील यादीतील रुग्णालये कोणती, याची चौकशी करून तो कागद घरात ठेवावा. यादीतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी मदतीसाठी बसतो. दाखल होताना प्रथम त्यासच भेटावे. पैसे भरून झाल्यावर भेटल्यास फारसा उपयोग होत नाही.

त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईचा प्रश्न मात्र येथे पुष्कळसा सुटतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे वर्षास ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतील रुग्णालयांत विनामूल्य मिळण्याची सोय केंद्र शासनाने केली. आधार कार्डावरील वय पुरेसे धरले जाते. घरात सत्तरीच्या पुढचे दोघे असतील तर रक्कम दोघांत मिळून आहे. स्वतःची खाजगी पॉलिसी असणाऱ्यासही हे कार्ड घेता येते. केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेसारखी सरकारी सोय असणाऱ्यास मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. आपल्या परिसरात असे कितीतरी आजी-आजोबा असतील की, ज्यांच्या नातवंडांनी एका दुपारी बसून हे कार्ड काढून दिले तर घराची मोठी चिंता मिटेल. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

कामगार राज्य विम्याखाली, म्हणजे ईएसआयखाली, असलेल्यांची गोष्ट वेगळी. २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. त्यांची नोकरी सुटली तरी वैद्यकीय सोय त्याच दिवशी बंद होत नाही. भरलेल्या वर्गणीच्या सहामाही हिशेबाने ती पुढे काही काळ मिळते. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगारास आणि त्याच्या पत्नीस, अथवा पतीस, वर्षास अवघे १२० रुपये आगाऊ भरून उपचार चालू ठेवता येतात, अशीही तरतूद या योजनेत चालत आली आहे. वसई-नालासोपाऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत आयुष्य घालवलेल्या अनेकांना ती ठाऊकच नसते. आपल्या शाखा कार्यालयात सेवापुस्तिका घेऊन जावे आणि विचारावे.

पॉलिसी निवडताना

आता खाजगी पॉलिसीकडे वळू. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला, तेव्हा निवड करण्यासारखे काही नव्हतेच. आज दुकान इतके भरलेले आहे की गिऱ्हाईक गोंधळून जातो आणि दोनच गोष्टी विचारतो: किती लाखांचा आणि हप्ता किती? आमच्या मते या दोहोंच्या मध्ये जे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, त्यातच 'स्वस्त' या शब्दाचा खरा अर्थ दडलेला असतो.

खोलीभाड्याची मर्यादा घ्या. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसास ५ हजार रुपये, अशी अट आहे असे समजा. रुग्णाने १० हजारांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिला. बिल झाले ३ लाख: खोलीचे ५० हजार, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह इत्यादींचे १ लाख ४० हजार, औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांचे १ लाख १० हजार. पुष्कळांना वाटते की, आपल्याला केवळ खोलीचे जादा २५ हजार भरावे लागतील. तसे होत नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून खोलीनुसार बदलणारे डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही निम्मेच मंजूर होते. म्हणजे २५ हजार अधिक ७० हजार अधिक १ लाख १० हजार, एकूण २ लाख ५ हजार रुपये. उरलेले ९५ हजार घरातून. औषधे, उपकरणे आणि तपासण्या यांना ही कात्री लावू नये, असे नियामकाने सांगितले आहे, हे त्यातल्या त्यात समाधान. हप्त्यात हजार-दोन हजार वाचवून ही अट पत्करणे महागात पडते. ती पत्करलीच असेल, तर दाखल होताना मर्यादेतील खोलीच मागावी.

सहभागी खर्चाची, म्हणजे को-पेमेंटची, अटही अशीच. प्रत्येक दाव्यातील ठरावीक टक्के रक्कम आपण भरण्याचे मान्य केले की हप्ता उतरतो. ज्येष्ठांच्या पॉलिसींत हे प्रमाण बरेच असू शकते. ५ टक्के ठीक आहे. २० टक्के असेल, तर ४ लाखांच्या बिलात ८० हजार आपले, हे आधीच गृहीत धरून चालावे.

ज्यांस फार तुलना करता येत नाही, त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाण पॉलिसी विचारात घेण्यासारखी आहे. कंपनी कोणतीही असो, अटी त्याच. त्यात ५ टक्के सहभागी खर्च आहे, आणि खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, तेही दिवसास कमाल ५ हजार. अटी सारख्याच असल्यामुळे केवळ हप्त्याची तुलना करणे येथे निर्धोक ठरते. हिच्यात चैन नाही, पण फसगतही कमी.

नोकरी गेलेल्या माणसास आमची एक सूचना आहे. मोठ्या रकमेची पॉलिसी परवडत नसेल, तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, अशी जोडी पाहावी. टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च देणारी पॉलिसी, म्हणून तिचा हप्ता कमी. मात्र साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत मोठा फरक आहे. समजा, उंबरठा ५ लाखांचा आहे आणि एकाच वर्षात ४-४ लाखांची दोन आजारपणे आली. साधा टॉप-अप प्रत्येक आजारपण स्वतंत्र मोजतो, त्यामुळे तो एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा खर्च एकत्र मोजतो आणि ८ लाखांतील वरचे ३ लाख देतो. सरकारी योजनेचे ५ लाख आणि खाजगी सुपर टॉप-अप ही दोन छत्रे एकाच बिलात जोडता येतील, असे मात्र गृहीत धरू नये. त्यांची रुग्णालये, दर आणि पद्धती निराळ्या आहेत.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईस कौटुंबिक पॉलिसीत घालणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. अशा पॉलिसीचा हप्ता घरातील सर्वांत मोठ्या वयाच्या व्यक्तीवरून ठरतो. आई त्यात आली की मुलीच्या संरक्षणाचा भावही आईच्या वयाने चढतो. आईसाठी वय वंदना कार्ड आणि झेपत असेल तर स्वतंत्र पॉलिसी हा मार्ग बरा. पूर्वी पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणे दुरापास्त होते. २०२४ मध्ये इर्डाईने ती वयोमर्यादा काढून टाकली आणि सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध करण्यास कंपन्यांना सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये साठीच्या पुढील विमाधारकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी इर्डाईशी विचारविनिमय करावा, असा आदेशही निघाला. आणखी एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. एकरकमी हप्ता जड जात असेल, तर मासिक किंवा तिमाही हप्त्यांची सोयही अनेक कंपन्या देतात. मात्र मासिक हप्ता चुकल्यास सवलतीचा काळ १५ दिवसांचाच असतो.

मधुमेह लपवावा काय?

आपल्या गृहस्थांना एका एजंटाने सुचवले, "शुगरचे लिहू नका, हप्ता वाढेल." असा सल्ला देणाऱ्याचे कमिशन त्याच दिवशी सुटते आणि परिणाम कुटुंब वर्षांनंतर भोगते. आमचे मत याबाबत निःसंदिग्ध आहे: काहीही लपवू नये. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर पहिला प्रश्न "शुगर किती वर्षांपासून?" हाच विचारतात आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जाते. विमा कंपनी तो केसपेपर मागवते. मग हृदयविकाराचा दावा तर फेटाळला जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि त्यानंतर दुसरी कंपनी दारात उभी करत नाही.

खरे सांगितल्यास काय होते? कंपनी बहुधा जादा हप्ता लावते आणि त्या आजाराशी संबंधित खर्चास प्रतीक्षा काळ लावते. हा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकत असे. २०२४ च्या नियमांनी तो कमाल तीन वर्षे झाला. त्याच वेळी दुसरी एक तरतूद अधिक बळकट झाली. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दडवल्याचे कारण दाखवून कंपनीस दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पॉलिसीचा कागद हाती आल्यावर ती परत करण्यासाठी तीस दिवस मिळतात. ते दिवस प्रस्तावात एजंटाने आपल्या नावे काय काय लिहिले आहे, हे वाचण्यासाठी वापरावेत.

नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात वगळता काहीच मिळत नाही, हेही लक्षात असावे. आपल्या गृहस्थांनी पाच महिने उशीर केला, म्हणजे प्रत्यक्षात सहा महिने ते उघड्यावर होते.

उपाय घरातच असू शकतो

पत्नी नोकरीस असेल तर तिच्या कार्यालयाच्या गटविम्यात पतीचे नाव घालता येते का, हे सर्वांत आधी विचारावे. कमावत्या मुलामुलींच्या गटविम्यात आईवडिलांची सोय असते, पण नाव नोंदवण्याची खिडकी वर्षातून थोडेच दिवस उघडते. बँका आपल्या खातेदारांस स्वस्त गटविमा देऊ करतात. तो घेण्यास हरकत नाही, परंतु बँकेचा आणि विमा कंपनीचा करार संपला म्हणजे तो संपतो, आणि आपण जेथून निघालो तेथेच परत येतो. दाखल झाल्यास दिवसाला ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसीही जाहिरातीत आकर्षक वाटतात. २ लाखांच्या बिलापुढे दिवसाच्या २ हजारांचा काय उपयोग?

आपल्या चर्चच्या संघटनांनी एकत्र येऊन सर्व धर्मग्रामस्थांचा गटविमा काढावा, अशी सूचना अधूनमधून होते. हेतू चांगला आहे. परंतु केवळ विमा मिळवण्यासाठी गट बनवण्यास नियमांची मुभा नाही. त्यापेक्षा ज्यांना अर्ज, कार्ड, ऑनलाइन नोंदणी जमत नाही, त्यांच्यासाठी रविवारी दोन तास टेबल मांडून बसणारे चार तरुण अधिक उपयोगी पडतील.

आखातात आणि जहाजांवर असलेल्या आपल्या बांधवांना एक शब्द. दुबईत २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्याचा आरोग्यविमा मालकाने उतरवणे सक्तीचे झाले. तो व्हिसाशी बांधलेला असतो आणि व्हिसा रद्द झाला की संपतो. जहाजावरील खलाशास करार चालू असेतो जहाजमालकाची जबाबदारी असते, दोन करारांच्या मधल्या काळात ती नसते. वीस वर्षे परदेशी विम्याखाली काढलेला माणूस पन्नाशीत कायमचा परततो, तेव्हा भारतीय विमा कंपनीच्या लेखी तो पहिल्या दिवसाचा गिऱ्हाईक असतो. तिकडच्या वर्षांचे श्रेय येथे मिळत नाही. म्हणून तिकडे असतानाच, पस्तिशी-चाळिशीत, येथे एक लहान पॉलिसी सुरू करून ठेवावी. तिचा प्रतीक्षा काळ आपण दूर असतानाच सरतो.

आणि दावा अडला तर? २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने एका तासात, आणि घरी सोडताना अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे. तसे न झाल्यास किंवा दावा फेटाळल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागास लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तिथे दाद न मिळाल्यास किंवा महिनाभरात उत्तरच न आल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांत लोकपालाचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही, तर न्यायालयाचा मार्ग मोकळाच राहतो.